सरासरीआड दडलेली रेषा

ताळेबंदाची बेरीज जुळली, म्हणून आतील प्रत्येक खाते निर्दोष असतेच असे नाही. अमेरिकेतील पदवीधर स्त्रियांच्या आकडेवारीलाही हे लागू पडते. १९८२ च्या सुमारास तेथे पदवी घेणाऱ्या स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली. एवढाच आकडा पाहिला, तर विषमता संपली असे वाटेल.

परंतु तेथील शिक्षण खात्याचे १९७० पासूनचे विषयवार आकडे आलेखावर मांडले, की चित्र पालटते. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर पदवीधरांतील स्त्रियांचा टक्का आणि प्रत्येक विषयाची स्वतंत्र रेषा. उभे मोजमाप सर्वत्र शून्य ते शंभर असेच हवे. नाही तर किरकोळ चढही डोंगराएवढा भासतो.

वाणिज्य-व्यवस्थापनाची रेषा १९७० मध्ये सुमारे ९ टक्क्यांवर होती. चार दशकांत ती निम्म्याजवळ पोहोचली. जीवशास्त्राने सुमारे २९ टक्क्यांवरून निघून पन्नाशी ओलांडली. अभियांत्रिकी एका टक्क्याच्या आतून निघाली, ती त्या चार दशकांत विशीपर्यंतही पोहोचली नाही. आरोग्यसेवा व शिक्षणशास्त्र या शाखांत मात्र तीन चतुर्थांशांहून अधिक पदवीधर स्त्रियाच. तेथे उणीव आहे ती पुरुषांची.

सर्वाधिक विचार करायला लावते ती संगणकशास्त्राची रेषा. १९८४ च्या सुमारास ती ३७ टक्क्यांपर्यंत चढली आणि २०१० च्या आसपास अठरापर्यंत उतरली. टक्का घटला म्हणजे संख्या दरवर्षी घटलीच, असे नव्हे. हा भेद वाचकाने ध्यानी ठेवावा. शिवाय आलेख ‘कोठे’ ते दाखवतो, ‘का’ ते सांगत नाही. ते जेन मार्गोलिस व ॲलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात शोधले. घरात आलेला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत जाई. मुलगी महाविद्यालयात पोहोचेपर्यंत मागे पडलेली असे. विद्यापीठाने प्रवेशासाठी पूर्वानुभवाचे झुकते माप काढले, नवख्यांसाठी प्रारंभीचे वर्ग वेगळे केले. तेथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांतील मुलींचा टक्का १९९५ मधील ७ वरून २००० मध्ये ४२ वर गेला.

पाच वर्षांत बुद्धी बदलत नाही. बदलली ती संधी. ‘मुलींना हा विषय झेपत नाही’ असे म्हणण्यापूर्वी घरातील संगणक कोणाच्या खोलीत आहे, एवढे पालकांनी अवश्य पाहावे.