स्फोट जमिनीखाली गेला, नोंदी कुठे गेल्या?

दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरिदाबाद इथल्या मराठी बंधुभगिनींनो,

११ मे हा राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन. पोखरणच्या १९९८ च्या अणुचाचण्यांचा त्या दिवशी गौरव होतो. पोखरणजवळच्या खेतोलाईचे गावकरी मात्र वर्षानुवर्षे कर्करोगाच्या आणि गुरांच्या आजारांच्या तक्रारी करत आहेत. सरकार म्हणते, किरणोत्सार झालाच नाही. मग तिथल्या पाण्याच्या आणि दुधाच्या तपासणीचे आकडे लोकांपुढे ठेवायला अडचण कसली?

असे प्रश्न विचारण्याची रीत याच दिल्लीने घातली. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब उडवला आणि त्याची किरणोत्सारी राख जपानी कोळ्यांच्या अंगावर पडली. २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेतून चाचण्या थांबवण्याची हाक दिली. १९५६ साली दौलतसिंग कोठारींचे अणुस्फोटांच्या परिणामांवरचे पुस्तक खुद्द सरकारच्या प्रकाशन विभागाने छापले. कोठारी तेव्हा संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार होते!

अणुस्फोटाच्या राखेतले स्ट्रॉन्शियम-९० गवतावर पडते, गाईच्या दुधात उतरते आणि कॅल्शियमसारखे पोरांच्या हाडांत जाऊन बसते. अमेरिकी अणुशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर हा धोका नगण्य मानत होते. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९५८ साली अकरा हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी संयुक्त राष्ट्रांकडे बंदी मागितली. १९६३ च्या मॉस्को कराराने हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर सही करणाऱ्या देशांपुरती बंदी घातली. भारतानेही त्यावर सही केली. भूमिगत चाचण्यांना मात्र मोकळीक राहिली.

भूमिगत चाचणी हवेतल्या चाचणीपेक्षा कमी घातक, हे आम्हाला मान्य आहे. पण निर्धोक? १८ डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेच्या नेवाडात सुमारे पावणेतीनशे मीटर खोल पुरलेल्या स्फोटाने जमीन फाटली आणि किरणोत्सारी ढग आभाळात गेला. आपला पोखरणचा १९७४ चा स्फोट तर १०७ मीटरवरच झाला होता. खडकात उरलेले प्लुटोनियम निम्मे व्हायलाच चोवीस हजार वर्षे लागतात.

२००९ साली शास्त्रज्ञांत पुन्हा जुंपली. १९९८ चा हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेइतका फुटलाच नाही, असे के. संथानम म्हणाले, चिदंबरम आणि काकोडकर यांनी ते खोडून काढले. सगळा वाद स्फोट किती किलोटनांचा, यावर झाला. खेतोलाईची विहीर त्यात कुणाला आठवली नाही. उलट, आणखी चाचण्यांची मागणी पुढे आली. ती आम्हाला साफ नामंजूर आहे.

येत्या ११ मेपूर्वी आपल्या खासदाराला पत्र लिहा. पोखरण परिसराच्या १९७४ पासूनच्या किरणोत्सार-नोंदी संसदेच्या पटलावर ठेवा आणि खेतोलाईची आरोग्य-तपासणी स्वतंत्र डॉक्टरांकडून करवा, अशी मागणी करा.