थाई मसाज पहिल्यांदाच करून घेताय? मग गप्प बसू नका

बँकॉकचं तिकीट काढलं की घरातले, ऑफिसातले सगळे एकच सल्ला देतात, ‘‘तिकडे गेल्यावर मसाज मात्र नक्की करून घे हं!’’ पण तो नेमका असतो कसा, कपडे काढावे लागतात का, दुखतं का, आईला किंवा सासूबाईंना सोबत न्यावं का, हे कुणी सांगत नाही. विचारायलाही अवघडल्यासारखं होतं.

माझंही तसंच झालं होतं. मी, आई आणि मावशी अशा तिघी बँकॉकला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी चालून चालून पाय बोलायला लागले, म्हणून हॉटेलजवळच्या मसाजच्या दुकानात शिरलो. काउंटरवर इंग्रजीत छापलेला फॉर्म मिळाला. काही आजार आहे का? शस्त्रक्रिया झाली आहे का? तिघींचे फॉर्म मीच भरले आणि कुणालाही न विचारता सगळीकडे ‘नाही’वर खूण केली. मावशीची हाडं ठिसूळ झाली आहेत आणि त्यासाठी तिला गोळ्या चालू आहेत, हे मला माहीतच नव्हतं. तिनेही सांगितलं नाही.

मसाज सुरू असताना शेजारच्या गादीवर मावशी डोळे घट्ट मिटून पडली होती. मला वाटलं, मजेत आहे. त्या रात्री तिला कूस बदलता येईना. नाशिकला परतल्यावर एक्स-रे काढला. सुदैवाने हाड मोडलं नव्हतं, बरगडीजवळचा स्नायू दुखावला होता. ‘‘दुखत होतं तर बोलली का नाहीस?’’ असं विचारल्यावर म्हणाली, ‘‘अगं, ती बाई एवढ्या मनापासून करत होती. तिला मध्येच थांब कसं म्हणायचं?’’

त्या बाईची काही चूक नव्हती. आम्ही तिघी धडधाकट आहोत, असं तिला मीच लिहून दिलं होतं. म्हणूनच पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

हा मसाज वेगळा कसा?

आपल्याकडे मालिश म्हटलं की तेल आलंच. पारंपरिक थाई मसाजमध्ये तेल नसतं आणि अंगावर कपडे असतात. दुकानातच सैल सदरा आणि पायजमा देतात. बऱ्याच ठिकाणी आधी पाय धुतात. मग जमिनीवरच्या गादीवर झोपायचं असतं. सुरुवात सहसा पायांपासून होते. मसाज करणारी व्यक्ती अंगठे, तळवे, कोपर, गुडघे, कधी कधी पायसुद्धा वापरून दाब देते. मधूनमधून तुमचे हातपाय आणि पाठ ताणते. म्हणजे आसनं तुमच्याकडून होतात, पण कष्ट दुसरं कुणी तरी घेतं! एक तास, दीड तास किंवा दोन तास असा हा कार्यक्रम चालतो.

थाई भाषेत याला ‘नुआट थाई’ म्हणतात. शरीरात ‘सेन’ नावाच्या वाहिन्या असून त्यांतल्या दहा मुख्य आहेत, असं ही परंपरा मानते आणि त्यांच्या मार्गांवर दाब दिला जातो. २०१९ साली युनेस्कोने नुआट थाईचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

याचं भारताशीही नातं आहे. थाई लोक आपल्या पारंपरिक वैद्यकाचा जनक म्हणून ज्यांना वंदन करतात, ते जीवक बौद्ध ग्रंथांनुसार मगधातल्या राजगृहाचे वैद्य आणि गौतम बुद्धांचे समकालीन होते. बँकॉकमध्ये वाट फो मंदिरात ४६ मीटर लांबीची पहुडलेल्या बुद्धांची मूर्ती बघायला तुम्ही जालच. त्याच मंदिरात १९व्या शतकात कोरलेले शिलालेख आहेत. मानवी आकृतीवर कुठे दाब द्यायचा, हे त्यांत दाखवलं आहे. आवारात अंग ताणणाऱ्या ऋषींचे पुतळेही आहेत. हे ज्ञान शिकवणारी शाळा इथे १९५५ साली सुरू झाली आणि मंदिराच्या आवारात आजही मसाज करून घेता येतो.

बोर्ड नीट वाचा

दुकानाबाहेरच्या बोर्डवर चार-पाच नावं असतात. ‘थाई मसाज’ म्हणजे वर सांगितलेला, कपड्यांसह आणि तेलाशिवाय. ‘ऑइल मसाज’ वेगळा, त्यात कपडे काढून टॉवेलखाली झोपावं लागतं. ‘फूट मसाज’मध्ये खुर्चीत बसून फक्त तळपाय आणि पोटऱ्या दाबून घ्यायच्या असतात. ‘हर्बल कॉम्प्रेस’ म्हणजे हळद, गवती चहा, कापूर आणि आल्याच्या कुळातला एक कंद कापडात बांधून, वाफवून दिलेला शेक. आजीच्या पुरचुंडीची आठवण येईल असाच.

पहिलीच वेळ असेल आणि मनात धाकधूक असेल, तर फूट मसाजने सुरुवात करा. अंगाला हात लावून घेण्याची सवय नसलेल्यांना तो सोपा जातो. थाई मसाज घ्यायचा ठरलाच, तर पहिल्यांदा एकच तास घ्या. दोन तासांचं पॅकेज स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका.

दुकान कसं निवडाल?

काचेतून आतलं दिसतं, दर बाहेर लिहिलेले आहेत, परवाना दर्शनी भागात लावला आहे आणि गाद्यांवरच्या चादरी स्वच्छ आहेत, असं दुकान निवडा. बँकॉकच्या साध्या दुकानात तासाला साधारण २५० ते ४०० बाथ घेतात, मोठ्या हॉटेलातल्या स्पामध्ये याच्या कितीतरी पट. मसाज आवडला तर ५० ते १०० बाथ टिप म्हणून हातात द्या. रस्त्यावर कुणी हात धरून आत ओढत असेल, दर विचारल्यावर टाळाटाळ करत असेल किंवा भलत्याच ‘स्पेशल’ गोष्टी सुचवत असेल, तर सरळ पुढे चालू लागा.

स्त्री हवी की पुरुष, हे आधीच सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. साध्या दुकानात एकाच खोलीत पाच-सहा गाद्या आणि मधे पडदे असतात. त्यामुळे आई-मुलगी किंवा नवरा-बायको शेजारी शेजारी झोपू शकतात. एकट्या असाल आणि बंद खोली नको असेल, तर तसं स्पष्ट सांगा.

जाण्यापूर्वी

पोटभर जेवून जाऊ नका. जेवण आणि मसाज यांत दीड-दोन तासांचं अंतर ठेवा. दारू पिऊन तर अजिबात जाऊ नका. अंगठ्या, बांगड्या, साखळी, घड्याळ काढून ठेवा. पादत्राणं दाराबाहेर काढा. आत बुद्धांची मूर्ती असेल तर तिच्याकडे पाय करून बसू नका, तिथे तो अपमान समजतात.

फॉर्म खरा भरा

माझं चुकलं ते इथेच. खालीलपैकी काहीही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि दुकानातही सांगा.

• हाडं ठिसूळ झाली असतील किंवा फ्रॅक्चर होऊन गेलं असेल
• मणक्याचा किंवा मानेचा त्रास, सरकलेली गादी
• गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल
• रक्तदाब नियंत्रणात नसेल, हृदयविकार असेल
• रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील
• पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा असतील
• कर्करोगावर उपचार चालू असतील

ताप किंवा त्वचेचा संसर्ग असेल, तर बरं होईपर्यंत थांबा. गरोदर असाल तर नेहमीचा थाई मसाज नकोच. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पोटरीला सूज आली असेल, ती दुखत असेल आणि गरम लागत असेल, तर मसाजला नाही, डॉक्टरांकडे जा. ती रक्ताची गुठळी असू शकते आणि तिथे दाब देणं जिवावर बेतू शकतं.

घरातल्या मोठ्यांना सोबत नेत असाल तर त्यांचा फॉर्म त्यांना विचारून भरा. ‘‘तुला काही त्रास नाही ना?’’ असं विचारलं की आपल्या आया-मावश्या ‘‘छे, मला काय होतंय’’ म्हणून मोकळ्या होतात. त्यापेक्षा ‘‘रोज कुठल्या गोळ्या घेतेस?’’ असं विचारा. खरं उत्तर मिळेल.

या दोन गोष्टींना नकार द्या

पहिली मानेची. मान झटक्यात वळवून कडकन आवाज काढण्याची पद्धत काही ठिकाणी असते. मान नाजूक असते, तिथल्या रक्तवाहिन्यांना इजा झाली तर परिणाम गंभीर होऊ शकतात. म्हणून सुरू होण्याआधीच मानेकडे बोट दाखवून हाताने ‘नको’ची खूण करा.

दुसरी जांघेची. काही जण जांघेतल्या धमनीवर तळव्याने काही सेकंद दाबून धरतात आणि मग सोडतात. दाब सोडल्यावर पायात उबदार लहर धावते. निरोगी माणसाला ते बरं वाटतं, पण रक्तदाब, हृदयविकार किंवा शिरांचा त्रास असणाऱ्यांनी ते टाळायला हवं. शिवाय पहिल्यांदाच जाणाऱ्याला हात अचानक तिथे आला की धक्का बसतो. ही जुन्या पद्धतीतलीच एक क्रिया आहे. तरीही तुम्हाला नको असेल तर नको म्हणा, कारण सांगायची गरज नाही. मात्र गुप्तांगाला स्पर्श हा कुठल्याच मसाजचा भाग नाही. तसं झालं तर लगेच उठा, कपडे घाला आणि बाहेर या.

किती दुखलं तर चालेल?

‘दुखलं म्हणजे लागू पडलं’ हा आपला लाडका समज आहे. तो इथे सोडून द्या. आखडलेला स्नायू दाबल्यावर ‘हं, बरोबर इथेच’ असं वाटतं, ते दुखणं चालेल. त्यात श्वास नीट चालू असतो. पण श्वास रोखला जातोय, मुठी आवळल्या जातायत, कळ सणकन जातेय किंवा मुंग्या येतायत, तर तो दाब तुमच्यासाठी जास्त आहे. मावशीचे घट्ट मिटलेले डोळे हीच खूण होती, मला ती कळली नाही.

इथे भाषेची अडचण येते. म्हणून चार थाई शब्द पाठ करून जा. ‘बाओ बाओ’ म्हणजे हळू. ‘जेप’ म्हणजे दुखतंय. ‘युत’ म्हणजे थांबा. आणि ‘सबाय’ म्हणजे छान वाटतंय. बोलताना बायकांनी शेवटी ‘खा’ आणि पुरुषांनी ‘ख्राप’ लावलं की ते आदराचं होतं. म्हणजे ‘बाओ बाओ खा’ म्हटलं तर समोरच्या बाईला वाईट वाटत नाही. उलट तिचं काम सोपं होतं. तुमच्या शरीरात काय चाललंय, हे तिला तुमच्याकडूनच तर कळणार असतं.

नंतर काय?

मसाज संपला की ताडकन उठू नका. कुशीवर वळा, मिनिटभर बसा, मग उभे राहा. बहुतेक ठिकाणी गरम चहा देतात, तो निवांत प्या. त्या दिवशी जिम किंवा लांबची पायपीट नको. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकू शकतं, पहिल्यांदा व्यायाम केल्यावर ठणकतं तसं. एक-दोन दिवसांत ते जातं. पण हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, तीव्र डोकेदुखी, चक्कर, बोलताना अडखळणं किंवा श्वास घेताना छातीत कळ असं काही जाणवलं, तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

आता पुणे, इंदूर, बेंगळुरू, गोवा, सगळीकडे थाई स्पा दिसतात. तिथेही हेच नियम लागू आहेत. उलट इथे भाषेची अडचण कमी, त्यामुळे गप्प बसायला सबबही नाही.

माझी मावशी आता बरी आहे. फिजिओथेरपीला जाताना ती सगळ्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून नेते आणि पहिल्याच मिनिटाला तो पुढे करते. परवा मी तिच्या पाठीला मलम चोळत होते. जरा जोर लागला असावा. लगेच मागे वळून म्हणाली, ‘‘ए, बाओ बाओ!’’

तुम्हीही म्हणा. पैसे देऊन आराम घ्यायला गेला आहात, सहनशक्तीची परीक्षा द्यायला नाही.