दुसरा गिअर

आमच्या घरी व्हॅनला व्हॅन कुणी म्हणत नाही. 'गाडी' म्हटलं की तीच. आठ सीटची, २००६ सालची, आम्ही २०१२ मध्ये सेकंडहँड घेतलेली. शहापुरातल्या आमच्या बोळात ती वळवताना दोन वेळा पुढे-मागे करावी लागते, तरी भाऊजींना तिचा फार अभिमान. दोन भावांचं एकत्र घर, पाच मुलं, सासूबाई, आणि सणावाराला बैलहोंगलहून येणारे थोरल्या जाऊबाईंचे वडील. मुलं त्यांना अज्जा म्हणतात आणि जाऊबाईंना दोड्डव्वा. स्वयंपाकघरात मराठी, देवघरात मराठी, पण रागावणं आणि लाडावणं कन्नडमध्ये. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असंच असेल.

ही गाडी अकरा माणसं घेऊन गोव्याला जायची. आठ सीटच्या गाडीत अकरा कशी बसतात, हे सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मागच्या बाजूला समोरासमोर दोन आडवी बाकं होती. त्यांना ना डोकं टेकायला आधार, ना पट्टा. तिथे मुलं, पिशव्या, फराळाचे डबे आणि अज्जा. अज्जांना आम्ही पुढे बसा म्हणायचो, पण विहीणबाईंना पुढची जागा सोडून आपण मागे बसायचं हा त्यांचा शिष्टाचार. म्हणजे घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात लहान मुलं गाडीतल्या सगळ्यात वाईट जागी, आणि धडधाकट माणसं पुढे. हे उलटं आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

२०१७ च्या जानेवारीपासून गाडीचा दुसरा गिअर निसटू लागला. आधी नुसती दांडी थरथरायची. मग उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की खट् करून दांडी आपोआप न्यूट्रलला यायची. भाऊजींनी त्यावर उपाय शोधला होता, दांडी डाव्या हाताने दाबून धरायची. मिस्त्रीने गाडी फिरवून बघितली आणि त्याने जे सांगितलं ते दोन भाषांत सांगितलं. जाऊबाईंचा भाऊ बरोबर होता, त्याला म्हणाला, "एरडने गेर निल्लवल्दु, घाटात घालू नका." आमच्या ह्यांना म्हणाला, "गावात चालवायला चालतंय, पण बॉक्स उतरवायला लागेल." ह्यांनी घरी येऊन त्यातलं 'चालतंय' तेवढं सांगितलं. चौदा हजारांच्या अंदाजाची चिठ्ठी मात्र माझ्या हातात दिली. ती मी चहाच्या डब्याखाली ठेवली. जूनमध्ये फी भरायची होती, त्यानंतर बघू म्हटलं. हे कुणी मला करायला लावलं नव्हतं.

मे महिन्यात कुलदेवतेला निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आणि मग घाट उतरून केरी, साखळी, पुढे फोंड्याकडे. निघताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "सावकाश होग्री." सावकाश हा शब्द मराठी की कन्नड, यावर आमच्याकडे एकदा तासभर वाद झाला होता. दोन्ही भाषांत तो आहे आणि गाडीत बसल्यावर दोन्ही भाषांतले लोक तो विसरतात. "गिअरचं काय?" म्हणून मी विचारलं, तर भाऊजी म्हणाले, "काही होत नाही की ओ." मागून अज्जा म्हणाले, "एनू आगंगिल्ल." एवढं एकमत आमच्या घरात क्वचितच होतं.

घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर समोरून ट्रक आला. भाऊजींनी हॉर्न द्यायला डावा हात काढला आणि खट्. दांडी सुटली. अकरा माणसांची भरलेली गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये. इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला आणि गाडी मात्र पळू लागली, हे इतकं विचित्र वाटतं की ते कानाला आधी कळतं आणि डोक्याला नंतर. त्यांनी ब्रेक दाबला. वरून येताना मैल दोन मैल ब्रेकवरच आलो होतो, त्यामुळे जळका वास आधीपासून होताच. आता पेडल मऊ लागू लागलं. पुन्हा दुसरा घालायचा प्रयत्न केला तर नुसता करकर आवाज. त्या वळणावर डोंगर आमच्या डाव्या हाताला होता, हेच नशीब. भाऊजींनी हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी आतल्या गटारात घातली आणि डोंगराला घासत उभी केली.

पुढे बसलेल्यांना खरचटलंसुद्धा नाही. मागे अज्जा आडव्या बाकावरून दाराकडे फेकले गेले आणि त्यांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. धाकट्या पुतणीच्या ओठाला तीन टाके. मागच्या दाराचं कुलूप सैल होतं, तेही आम्हाला माहीत होतं. दार उघडलं नाही. उघडलं असतं तर, हे वाक्य आमच्या घरात कुणी पुरं करत नाही.

नंतर गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी मुद्दाम गॅरेजमध्ये जाऊन बसले. मिस्त्रीने एक लोखंडी कडं हातात दिलं. त्याला आतून दात असतात. गिअर पडतो म्हणजे हे कडं सरकून त्या गिअरच्या दातांना पकडतं. दातांना मुळात किंचित उलटा उतार दिलेला असतो, म्हणजे जोर आला की ते एकमेकांना आणखी घट्ट धरतात. आमचे दात झिजून साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते, त्यामुळे जोर आला की धरण्याऐवजी ते एकमेकांना बाहेर ढकलत. चढावर इंजिन चाकांना ढकलतं आणि उतारावर चाकं इंजिनाला ढकलतात. जोर असा उलटला की झिजलेली बाजू पुढे येते. म्हणून गावात, सपाटीवर चालणारा गिअर घाटात उतरतानाच सुटतो. नेमका जिथे तो हवा असतो तिथेच. दांडी दाबून धरण्याचा उपायही वाईट. त्याने आतला फोर्क कड्यावर सतत घासत राहतो आणि झीज वाढते. उद्यमबागेत असले सुटे भाग रोज घडतात, त्या गावात राहून मला हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

ब्रेक का गेला, तेही त्यानेच सांगितलं. गिअर लागलेला असताना इंजिन गाडीला मागे ओढतं, ब्रेकचा निम्मा भार ते उचलतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर. त्यातून ब्रेक ऑइल जुनं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, पण पाणी धरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली आलेली चालते. ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. आमच्या गाडीचं कधी बदललं होतं, हे कुणालाच आठवेना.

भाऊजींची आणखी एक सवय होती, ती पुष्कळांना असते. उतारावर पेट्रोल वाचवायला ते मुद्दाम न्यूट्रल करायचे. कार्बोरेटरच्या काळात त्याने थोडंफार वाचतही असेल. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर लागलेला असताना पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि ब्रेक मात्र तापतात. हे भाऊजींना पटवायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला, "कंपनीचं पत्र आलं होतं का?" मी हसले. पण त्याचा प्रश्न तिथल्या रीतीला धरून होता. तिथे मिनीव्हॅन हीच घरची गाडी, आणि तिथल्या गाड्याही गिअरबॉक्सच्या दुखण्यातून सुटलेल्या नाहीत. होंडाने १९९९ ते २००१ च्या ओडिसी मिनीव्हॅनच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची हमी ७ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवून दिली होती. पुढे एप्रिल २००४ मध्ये ओडिसीसह आपल्या बऱ्याच मॉडेलच्या मिळून सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. तिथेही दुखणं दुसऱ्याच गिअरचं निघालं, हे ऐकून मी दचकले. काही परिस्थितीत तो गिअर जास्त तापून त्याचे दात तुटण्याची आणि गिअरबॉक्स जाम होण्याची भीती होती. १५ हजार मैलांपेक्षा कमी चाललेल्या गाड्यांत त्या गिअरला जास्त ऑइल मिळावं अशी सोय करून दिली. जास्त चाललेल्यांचा गिअर तपासून रंग बदललेला दिसला तर गिअरबॉक्सच बदलून दिला.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. क्रायस्लरच्या १९८४ ते १९९५ या काळातल्या मिनीव्हॅनच्या मागच्या दाराची कडी धक्क्याने उघडते आणि माणसं बाहेर फेकली जातात, अशा तक्रारींवरून तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याने चौकशी केली. १९९५ मध्ये कंपनीने चाळीस लाखांहून जास्त गाड्यांच्या कड्या फुकट बदलून द्यायचं कबूल केलं, मात्र त्याला 'रिकॉल' म्हणायला ती तयार नव्हती. शब्दाचा एवढा हट्ट कशाला, देव जाणे. मला आमचं मागचं सैल कुलूप आठवलं.

आपल्याकडे २०१२ पासून कंपन्या स्वखुशीने गाड्या परत बोलावू लागल्या. सक्तीचा अधिकार सरकारला मिळाला तो मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. म्हणजे आमच्या अकरा वर्षांच्या गाडीला त्याचा काही उपयोग झाला नसता, आणि व्हायचं कारणही नव्हतं. घडणीतला दोष कंपनीचा, झीज ही आपली. मावसभावाला हेच सांगितलं की मला पत्र आलं होतं, मिस्त्रीने लिहिलेलं, आणि ते चहाच्या डब्याखाली होतं.

मागे बसणाऱ्यांचा पट्टा हा तर आपल्याकडे चेष्टेचाच विषय होता. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, तेव्हा आठ दिवस सगळीकडे चर्चा झाली. नवव्या दिवशी लग्नाच्या एका गाडीत मागे सहा माणसं बघितली. त्यात एक नातेवाईक आमचेच.

हल्ली बऱ्याच घरी क्लच नसलेल्या गाड्या आल्या आहेत. भाऊजींच्या धाकट्या मेव्हण्याकडे तशी आहे. एएमटी म्हणतात ती. आत गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच, फक्त पाय आणि हात यांचं काम यंत्र करतं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तोच क्लच जळतो, आणि उतारावर दांडी मॅन्युअलवर घेऊन खालचा गिअर आपणच धरायचा असतो. मेव्हणा म्हणतो, गाडीला सगळं कळतं. तोसुद्धा 'एनू आगंगिल्ल' म्हणणाऱ्यांतला.

आमच्या गाडीचा बॉक्स दुरुस्त झाला. चौदा हजारांचा खर्च एकोणीसवर गेला. मागची बाकं काढून टाकली, ती आता माडीवर लोणच्याच्या बरण्या ठेवायला आहेत. आठ म्हणजे आठच माणसं, उरलेली कदंबच्या बसने. यावर पहिली दोन वर्षं घरात रुसवे झाले. सासूबाईंना वाटे, कुटुंब असं दोन गाड्यांत तोडून देवाला जायचं बरं दिसत नाही. अज्जांना मात्र बस आवडते. खिडकी मिळते आणि वाटेत शेजारच्याशी बोलायला मिळतं.

ते झिजलेलं कडं मी मिस्त्रीकडून मागून आणलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते शोकेसमध्ये पडून होतं. खांदा बरा होऊन दिवाळीला अज्जा आले, तेव्हा मुलांनी ते त्यांच्या हातात दिलं. डावा हात अजून पूर्ण वर जात नव्हता. त्यांनी उजव्या हाताचं बोट आतल्या दातांवरून दोनदा फिरवलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं आणि विचारलं, "इष्टेना?"

एवढंच?, असं म्हणाले ते. मी हो म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.