सुट्टीत पोरींचा सराव सुटू देऊ नका

एप्रिल संपत आला की जिम्नॅस्टिक्सचा क्लास बंद होतो. पुन्हा सुरू व्हायला जूनचा उत्तरार्ध उजाडतो. विदर्भातल्या शाळाही उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्याला कारण आपलं ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेव्हा सुट्टी हवीच, त्याबद्दल आमचं भांडण नाही.

आमचं भांडण वेगळं आहे. प्रताप नगरच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये आम्ही दरवर्षी पाहतो, सुट्टी संपली की पोरं क्लासला परत जातात, पोरी जात नाहीत. अकरा-बारा वर्षांची पोरगी दोन महिने पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, लग्नाच्या गावी जाऊन येते. तेवढ्यात पाळी सुरू होते आणि आजी म्हणते, मोठी झाली आता, पुरे झाल्या कोलांट्या. कोणी मुद्दाम नाव काढत नाही. ते आपोआप गळतं.

आम्ही नर्सिंग केलं, वॉर्डात वर्षं काढली, म्हणून शरीराचं सांगतो. या वयात हाडं भराभर वाढतात आणि स्नायू मागे राहतात. त्यामुळे अंग ताठर होतं. त्यात काही आठवडे ताण दिला नाही की स्प्लिट बसत नाही. जूनमध्ये पोरगी पहिल्याच दिवशी जुनं सगळं करायला जाते आणि मनगट किंवा टाच धरून बसते, कारण वाढत्या हाडांची टोकं अजून कच्ची असतात. मग घरचे म्हणतात, बघा, आम्ही सांगतच होतो.

यावर उपाय फार मोठा नाही. पहाटे साडेपाच ते सव्वासहा, विहाराचा हॉल आणि एक सतरंजी. आधी जागेवर धावणं, दोरीउड्या. अंग गरम झालं की स्प्लिट, कमान, प्लँक, भिंतीला पाय टेकवून हातांवर उभं राहणं. बॅलन्स बीम १० सेंटिमीटर रुंद असतो. तेवढीच पट्टी फरशीवर खडूने आखा आणि तिच्यावर चालू द्या, एका पायावर थांबू द्या. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचा सुरुवातीचा सराव जुन्या स्कूटरच्या भागांपासून बनवलेल्या साधनांवर झाला होता. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टला ती चौथी आली. आपल्याकडे निदान फरशी तरी आहे.

हवेतली कोलांटी मात्र कोचशिवाय नाही म्हणजे नाही. गेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या एका पोरीने व्हिडिओसाठी गच्चीवर गादी टाकून उलटी उडी मारली. मनगट मोडलं. आईची आठवडाभराची मजुरी गेली ती वेगळीच. दुपारी टिनाच्या खोलीत व्यायामही नको, कूलर लावला असला तरी.

पाळीत सराव बंद करायची गरज नाही. फार दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती, एवढंच.

आणि जेवण. वजन वाढेल म्हणून पोरी सुट्टीत पोळी मोजून खातात, हे आम्हाला घरोघरी दिसतं. वाढत्या पोरीला उपाशी ठेवून कोणी जिम्नॅस्ट होत नाही. वरण, अंडं, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, जवसाची चटणी, यात महाग काही नाही. सरावाआधी आणि नंतर पाणी, दिवसा ताक किंवा कैरीचं पन्हं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी सुट्टीत चुकते, ती आशाताईंकडे मागा. पोरीचा चेहरा पांढरा पडला असेल, जिना चढताना धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या, तिला आळशी म्हणू नका.

जुलाब-उलटी झाली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजा. चमचा चहाचा. पण अंग भट्टीसारखं तापलं, पोरगी असंबद्ध बोलू लागली किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काही घालू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

एका आईने आम्हाला विचारलं, ताई, एवढं करून हिला नोकरी लागेल का? आम्ही म्हटलं, माहीत नाही. तुझ्या पोराला क्लासला पाठवताना तू हे विचारलं होतंस का? ती हसली आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन आली.

सध्या विहारात सात पोरी येतात. हॉलची किल्ली पाच वाजल्यापासून आमच्याकडे असते. सतरंज्या कमी पडतात, घरची जुनी असेल तर पाठवा. आणि क्लास सुरू होण्याच्या आठवडाभर आधी कोचला भेटून पोरीचं नाव पुन्हा लिहून या. ते काम वडिलांनी करावं.