आधी हिरडी, मग दात

कारखान्याचं उसाचं बिल खात्यावर पडलं की वडगाव निंबाळकरच्या पट्ट्यात रखडलेले खर्च डोकं वर काढतात. हल्ली त्यांत ‘स्क्रूचे दात’ही असतात. पायरियाने दात गेले, कवळी हलते, उसाचं कांडं सोलता येत नाही. मग इम्प्लांटच बसवू. इच्छेत गैर काही नाही. माझी हरकत घाईला आहे.

पायरिया हिरडीवर थांबत नाही, दात धरून ठेवणारं हाड खातो. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू बसणार त्याच हाडात. हाड या धातूशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी ओळखलं आणि 1965 साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. धातूला कीड लागत नाही, हे खरं. पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, पू होतो, हाड पुन्हा झिजतं. आणि पायरियाने दात गमावलेल्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

नीरा डाव्या कालव्याखाली क्षारपड रानं आहेत. चर काढून निचरा केल्याशिवाय तिथं महागाचं बेणं कुणी लावत नाही. तोंडात मात्र आपण लावायला निघतो!

निचरा म्हणजे काय? मुळांपर्यंत सफाई, न वाचणारे दात काढणं आणि काही आठवड्यांनी हिरड्यांची पुन्हा मोजणी. खुणांच्या बारीक सळईने दाताभोवतीची फट मिलिमीटरमध्ये मोजतात. 3 पर्यंत ठीक; त्यापुढे, त्यातही रक्त येत असेल, तर दुखणं अजून जागं आहे. हाड कमी असेल तर भर घालावी लागते. स्क्रू बसल्यावरही हाड धरायला साधारण 3 ते 6 महिने जातात. ‘एका दिवसात दात’ काहींना चालतात, पण पायरियाच्या रुग्णाने त्या जाहिरातीकडे संशयानेच बघावं.

रक्तातली साखर आटोक्यात नसेल तर जखम लवकर भरत नाही, आणि सुजलेल्या हिरड्या साखरही आटोक्यात येऊ देत नाहीत. बिडी, तंबाखू सुटायलाच हवी. मिश्रीसुद्धा, ती भाजलेली तंबाखूच. हिरड्या घट्ट होतात म्हणून मिश्री लावणाऱ्या आज्या-मावश्यांशी वाद घालणं अवघड, पण घरातल्यांनी तो घालावा.

म्हणून दर विचारण्याआधी डॉक्टरांना विचारा: माझ्या हिरड्यांची मोजणी किती आली? दात बसल्यावर तपासणीला किती महिन्यांनी यायचं? या दोन प्रश्नांना नीट उत्तर मिळालं नाही, तर उचल देऊ नका.