विश्लेषण : आपत्कालीन उपचारांचे धडे हेडफोनमधून; पण निवडानिवड कोण करणार?

अपघातात रक्तस्राव होत असलेला दुचाकीस्वार, कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी, छातीत कळ आलेला चाळिशीतला माणूस... रात्री 'कॅज्युअल्टी'त जो डॉक्टर हजर असतो, त्याच्यापुढे हे तिघेही येतात आणि अनेकदा एकाच तासात येतात. ग्रंथ उघडायला वेळ नसतो. विचारायला वरिष्ठ शेजारी असतीलच असेही नाही. अशा डॉक्टरांसाठी गेल्या दीड दशकात इंटरनेटवर मोफत ध्वनिव्याख्यानांचे मोठे भांडार उभे राहिले आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटनमधील नामवंत तज्ज्ञांचे बोलणे आता महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावीही मोबाइलवर ऐकता येते. ही सोय मोठी आहेच, पण ती कोणासाठी घडवली गेली आणि येथे ती जशीच्या तशी कितपत चालते, हा प्रश्न मागे उरतो.

'फोम' म्हणजे काय?

डॉक्टरांनी व्याख्याने 'ऐकून' शिकण्याची पद्धत जुनी आहे. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात 'ऑडिओ डायजेस्ट'ने ध्वनिफितींवर वैद्यकीय व्याख्याने पुरवण्यास सुरुवात केली. पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या. मेल हर्बर्ट यांची आपत्कालीन वैद्यकावरील 'ईएम-रॅप' ही मासिक ध्वनिमालिका २००१ पासून लोकप्रिय झाली, पण तिला वर्गणी होती. मोफतचा रस्ता मोकळा केला तो व्यक्तींनी. फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठात शिकवणारे जो लेक्स यांनी परिषदांमधील भाषणे ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येतील अशी ठेवली. २००९ मध्ये न्यूयॉर्कचे स्कॉट वाइनगार्ट यांनी 'ईएमक्रिट' हा पॉडकास्ट सुरू केला. अतिदक्षता विभागातील उपचार रुग्ण आपत्कालीन कक्षात असतानाच सुरू झाले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह.

या विखुरलेल्या उद्योगाला नाव मिळाले २०१२ मध्ये, डब्लिन येथे. आपत्कालीन वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निमित्ताने तेथे गेलेले ऑस्ट्रेलियाचे डॉ. माइक कॅडोगन यांना गिनेस बीअरच्या पेल्यावरचा फेस पाहून 'फोम' हा शब्द सुचला, असे सांगितले जाते. मोफत आणि सर्वांना खुले वैद्यकीय शिक्षण, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. पुढल्याच वर्षी सिडनीत 'स्मॅक' ही परिषद भरली. तिकीट काढून आलेल्यांपुढे झालेली भाषणे नंतर जगाला फुकट ऐकवायची, हा तिचा शिरस्ता होता.

याच शाखेत हे लोण का पसरले?

आपत्कालीन वैद्यक ही तुलनेने नवी शाखा. अमेरिकेतही तिला स्वतंत्र विशेषज्ञतेची मान्यता १९७९ मध्ये मिळाली. येथील डॉक्टर पाळ्यांमध्ये काम करतात. एका विभागाचे सगळे डॉक्टर एका वेळी वर्गात बसू शकत नाहीत. त्यांना हृदयापासून हाडांपर्यंत सगळ्याचे थोडे थोडे आणि जिवावरच्या गोष्टींचे पुरते ज्ञान लागते. घरी जाताना गाडीत वीस-तीस मिनिटे ऐकणे त्यांना जमते. गाडी चालवताना ऐकल्याने कमी लक्षात राहते का, याचीही अमेरिकेत निवासी डॉक्टरांवर चाचणी झाली. बसून ऐकणाऱ्यांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. (अर्थात, ती चाचणी आपल्या घाटरस्त्यांवर झालेली नाही.)

दुसरे कारण वेगाचे. संशोधनातून सिद्ध झालेली गोष्ट रुग्णापर्यंत पोहोचायला सरासरी १७ वर्षे लागतात, असा अंदाज वैद्यकीय शिक्षणाच्या चर्चेत नेहमी दिला जातो. कॅनडाचे केन मिल्न यांनी आपला पॉडकास्ट ही दरी एका वर्षावर आणण्याचे उद्दिष्ट सांगूनच सुरू केला.

ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडचे उदाहरण घ्या. जपानच्या शोसुके आणि उताको ओकामोतो या दाम्पत्याने १९६०च्या दशकात शोधलेले हे स्वस्त औषध रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. 'क्रॅश-२' या चाचणीत भारतासह ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवर ते वापरून पाहिले गेले आणि मृत्यू कमी होतात, असे २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पण खरी मेख वर्षभराने आलेल्या पुढच्या विश्लेषणात होती : औषध तीन तासांच्या आत दिले तरच उपयोग, त्यानंतर दिल्यास रक्तस्रावाने मृत्यूचा धोका उलट वाढतो. असा बारकावा शोधनिबंधाच्या तक्त्यात दडून राहतो; कोणी बोलून समजावला की लक्षात राहतो. ध्वनिव्याख्यानांची ताकद आहे ती येथे. करोनाच्या पहिल्या लाटेतही, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला पालथे झोपवण्यासारखे उपाय नियतकालिकांच्या आधी याच मार्गाने फिरले.

मग अडचण कोठे?

वेगातच. २०१७ मध्ये अमेरिकेतील पॉल मारिक यांनी जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या रुग्णांसाठी क जीवनसत्त्व, स्टेरॉइड आणि थायमिन यांचे मिश्रण सुचवले. अभ्यास होता एकाच रुग्णालयातला. उपचार घेतलेले रुग्ण ४७ आणि तुलनेसाठी आधीचे ४७. निकाल थक्क करणारा होता आणि औषध स्वस्त, त्यामुळे पॉडकास्ट, ब्लॉग आणि ट्विटरवर त्याची चर्चा वणव्यासारखी पसरली. सावधगिरीचा सल्ला देणारे होते, पण 'देऊन पाहायला काय हरकत' हा सूरही होता. २०२० मध्ये काटेकोर चाचणीत फायदा दिसला नाही. २०२२ मधील 'लोव्हिट' चाचणीने तर हरकत काय तेच दाखवले : नुसते क जीवनसत्त्व दिलेल्या गटात मृत्यू किंवा अवयवांचे दीर्घकाळ निकामी राहणे ४४.५ टक्के, न दिलेल्या गटात ३८.५ टक्के.

छापील नियतकालिकात लेख येण्यापूर्वी इतर तज्ज्ञ तो तपासतात. माइकपुढे बसलेल्या तज्ज्ञाला तशी अट नसते. आवाजात आपुलकी असते, विनोद असतो, आत्मविश्वास असतो. दर आठवड्याला ऐकून वक्ता ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीच्या माणसावर शंका घेणे जड जाते. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील 'एलिएम' या गटाने निवासी डॉक्टरांसाठी उपलब्ध साहित्य तपासून, गुण देऊन, निवडक याद्या प्रसिद्ध करण्याचा उपक्रम सुरू केला. पण त्या याद्या तेथील अभ्यासक्रमाच्या गरजेनुसार बनतात.

भारतात याची गरज किती?

भारतात आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विशेषज्ञतेची मान्यता २००९ मध्ये मिळाली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२० मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग अनिवार्य केला आणि २०२३ च्या नियमावलीत अनिवार्य विभागांच्या यादीतून तो वगळला. तीन वर्षांत धोरण असे उलटे फिरल्यावर शिक्षकच तयार होणार नसतील, तर शिकणारा मोबाइलकडे वळणारच. नीती आयोग आणि 'एम्स'च्या २०२१ मधील १०० रुग्णालयांच्या पाहणीत ९१ टक्के रुग्णालयांकडे स्वतःची रुग्णवाहिका होती, पण प्रशिक्षित पॅरामेडिक केवळ ३४ टक्के ठिकाणी होते.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी '१०८' रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिचे वेगळेपण म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. यातील अनेक डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर. आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण घेऊन ते कामावर येतात, पण उजळणी सतत लागते आणि त्यासाठी रजा सहसा मिळत नाही. कानाला लावून ऐकण्याच्या शिक्षणाची सर्वाधिक गरज असलेला वर्ग हाच. मात्र आजची व्याख्याने त्याच्यासाठी बनलेली नाहीत.

ऑस्ट्रेलियाचा साप, कोकणचा विंचू

ती का नाहीत, हे सर्पदंशाच्या उदाहरणातून कळते. ऑस्ट्रेलियातील व्याख्यानांत चावलेल्या हाता-पायावर दाब देणारी पट्टी बांधण्याचा सल्ला हमखास असतो. तेथील विषारी साप प्रामुख्याने नागाच्या कुळातले, त्यांना ते लागू आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरसेही चावतात. त्यांचे विष चावल्या जागचे मांसच सडवते; तेथे दाबपट्टीने ते एका जागी कोंडून नुकसान वाढण्याची भीती असते. त्यामुळे भारतीय मार्गदर्शक सूचना दाबपट्टीची शिफारस करत नाहीत. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा आणि रुग्णालय गाठा, असे सांगतात. तेथील तज्ज्ञ सापानुसार निरनिराळ्या प्रतिविषांची चर्चा करतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारींवर मिळून एकच प्रतिविष आहे. आणि रक्त गोठते की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, स्वच्छ कोरडी काचेची नळी आणि २० मिनिटे पुरतात. परदेशी व्याख्यानात ही नळी क्वचितच भेटते.

विंचवाचेही तेच. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील विंचवाचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते आणि तेथे २०११ मध्ये त्यावरील महागड्या प्रतिविषाला मान्यता मिळाली. कोकणातील लाल विंचू हृदयावर घाला घालतो : दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग फुप्फुसांत पाणी. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या लक्षणांच्या नोंदी ठेवल्या, त्या १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वेळेवर दिल्यास जीव वाचतात, हे त्यांनी दाखवून दिले. आपत्कालीन वैद्यकातील एवढे मोलाचे काम महाडच्या परिसरात झाले, पण ज्याच्या कानात अ‍ॅरिझोनाचे व्याख्यान आहे त्याला ते त्यातून कळणार नाही.

पुढे काय होऊ शकते?

नळी घालणे, छातीवर दाब देणे, भाजलेल्याची शीर शोधणे ही हाताची कामे आहेत. ती ऐकून येत नाहीत; त्यासाठी पुतळा, सराव आणि चुका सांगणारा माणूस लागतो. निर्णय मात्र ऐकून सुधारू शकतो : औषध केव्हा द्यायचे, केव्हा थांबायचे, रुग्ण पुढे केव्हा पाठवायचा. त्यासाठी लागणारा खर्च फारसा नाही, पण काम सातत्याचे आहे. परदेशातही बरेचसे काम काही हौशी डॉक्टरांच्या फावल्या वेळावर चालते. 'स्मॅक' परिषद तर ऐन लोकप्रियतेत, २०१९ मध्ये आयोजकांनी बंद केली.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. एका मोठ्या अभ्यासानुसार देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात आणि त्यातील बहुतांश ग्रामीण भागात. तेथे पहिल्या तासात रुग्णाजवळ असते ती परिचारिका, आरोग्यसेवक किंवा '१०८'चा डॉक्टर. इंग्रजीतील झपाट्याचे बोलणे यांतील प्रत्येकाच्या कामाचे नाही. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत विष, विंचू, साप, उष्माघात यांचे रुग्ण रोज पाहणारे अध्यापक आहेत आणि राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे. मराठीतील तपासलेली, दर वर्षी सुधारली जाणारी ध्वनिव्याख्याने तयार करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरवण्याला सुरुवात या दोहोंपैकी कोणीही करू शकते.