कंपवाताच्या रुग्णाला खुर्चीत बसवू नका

घरातल्या वडीलधाऱ्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, झाल्याचे कळले की सगळे घर धास्तावते. रोज सिद्धार्थ उद्यानात फेऱ्या मारणाऱ्या किंवा गोगाबाबा टेकडी चढणाऱ्या माणसाला ‘पडाल, बसून राहा’ असे सांगितले जाते. शर्टाची बटणे सून लावते, चहाचा कप मुलगा धरतो. यामागे माया असते. पण या आजारात तीच नडते.

मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत गेल्याने हा आजार होतो. हात थरथरतात, हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. लेव्होडोपाच्या गोळीने हालचाल मोकळी होते. मात्र तोल जाण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. तिथे व्यायामच कामी येतो. अमेरिकेत १२८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे नुकतेच निदान झालेले, औषधे सुरू न केलेले रुग्ण होते. ट्रेडमिलवर जोरकस व्यायाम करणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांत जवळपास होती तेवढीच राहिली. नेहमीचाच दिनक्रम ठेवलेल्यांची वाढली. व्यायामाने आजार बरा होतो, असा याचा अर्थ नाही आणि गोळ्या बंद करणे तर धोक्याचेच. पण व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे, हे यातून दिसते.

एकट्याने व्यायाम टिकत नाही, ही खरी अडचण. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळामुळे रुग्ण आणि कुटुंबीय नियमित एकत्र येतात. नर्तक हृषिकेश पवार यांनी तर २०१० पासून तिथे रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवला. संगीताच्या ठेक्यावर अडखळणारे पाऊल पुढे पडते. घरीही ‘एक-दोन, एक-दोन’ मोजत किंवा टाळ्यांच्या तालावर चालून हे करून पाहता येते.

सुरुवात करण्यापूर्वी हृदय आणि रक्तदाब तपासून घ्यावा. गोळीचा असर असतानाच व्यायाम करावा. अचानक वळण्याऐवजी छोट्या पावलांनी गोल फिरावे. उभे राहताना चक्कर येत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पहाटेचीच वेळ बरी. तोल जात असेल तर सोबत कुणी तरी हवे. पण सोबत म्हणजे हात धरून ओढणे नव्हे.

छत्रपती संभाजीनगरात बागा आहेत, मैदाने आहेत, सकाळी फिरणाऱ्यांचे गट आहेत. त्यांनी कंपवाताच्या रुग्णांना सामावून घेतले, तर त्यासाठी वेगळ्या इमारतीची गरज नाही. डॉक्टरांनीही चिठ्ठीवर गोळ्यांसोबत व्यायाम किती मिनिटे आणि आठवड्यातून किती दिवस, हे लिहून द्यावे. आणि घरच्यांनी? बटण लावायला दहा मिनिटे लागली तरी लावू द्यावे. तोही व्यायामच आहे.